दहा खेपांचा लॅपटॉप

सोमवार, ३ फेब्रुवारी

लिही. मी वनमाला सीताराम घाडी, मुक्काम भटवाडी, घाटकोपर, पाचवा मजला. वय लिहू नकोस. मला लिहिता-वाचता येत नाही, सही म्हणजे अंगठा. म्हणून हे रुचिरा लिहिते आहे, माझी नात, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची. पेन तिचं, बोलणं माझं. तिने मध्ये आपलं शहाणपण घालायचं नाही असं ठरलंय. मी मधूनमधून वाचून घेणार आहे आणि एक शब्द गळला तरी मला कळतं, हे तिला माहीत आहे.

माझा मुलगा चंद्रप्रकाश सतरा जानेवारीला, शुक्रवारी, मालाडला त्याच्या ऑफिसच्या जिन्यावर खाली बसला तो उठला नाही. एकोणपन्नास वर्षांचा होता. तेरावं झालं. माणसं आली, जेवली, गेली. मी रडले नाही. बायका आपापसात म्हणाल्या, म्हातारीला अजून कळलेलं नाही. कळलंय गं बायांनो. दाढ काढली की गाल बधिर असतो, स्वतःच्याच दातांनी चावला तरी समजत नाही, तसं झालंय. चहा गरम आहे का गार, तेसुद्धा कप हातात धरून कळतं, तोंडात कळत नाही.

आता मुद्दा. ऑफिसचा लॅपटॉप घरी आहे. एकवीस तारखेला ऑफिसचा माणूस येऊन तो नेणार आणि पुसून कोरा करणार. आत काय आहे ते आम्हाला दाखवायचं नाही, असा त्यांचा नियम. आत आमचं घर आहे. वीस वर्षांचे फोटो आहेत, रुचिरा जन्मली त्या दिवसापासूनचे. गावच्या गणपतीत चंद्रप्रकाश भजन म्हणायचा, त्याचा आवाज आहे. त्याचा फोन जिन्यावर पडून फुटला, त्यामुळे आवाज आता फक्त त्या डब्यात. हे सगळं ऑफिसच्या लॅपटॉपात ठेवायचं नसतं म्हणे. आणि हा बाबा त्याच ऑफिसात लोकांना शिकवायचा की कॉम्प्युटर कसा सांभाळावा. इंटरनेटवर फोटो चढवून ठेव असं रुचिरा सांगायची, तर म्हणायचा, "दुसऱ्याच्या घरी आपली ट्रंक ठेवायची आणि चावीपण त्याच्याचकडे द्यायची?"

लॅपटॉपला पासवर्ड आहे. दहा खेपा चुकला की तो कायमचा बसतो, मग ऑफिसशिवाय कोणाला उघडत नाही. चार खेपा रुचिरा आणि तिच्या आईने घालवल्या. जन्मतारखा टाकल्या. सहा उरल्या.

चंद्रप्रकाश प्रत्येक पासवर्ड मला सांगायचा. आणि मी म्हणते, मला आठवत नाही.

रुचिरा म्हणते, आजी, तू रोज काहीतरी बोल, जुनं, नवं, बोलता बोलता आठवेल. बरं. बोलते. वही मात्र पिठाच्या डब्यामागे ठेव.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मी तिजोरी कशी झाले ते सांग म्हणते.

चाळ होती तेव्हा कामाला जाणाऱ्या बायका खोलीच्या चाव्या माझ्याकडे टाकून जायच्या. मी घरीच, शिवाय गप्प बसणारी. चाळ पडली, बिल्डिंग झाली, तरी चाव्या येतच राहिल्या. दारामागे खिळे आहेत, एकवीस चाव्या लटकतात. नंबर मला वाचता येत नाहीत. कोणाची चावी गंजलेली, कोणाची लाल दोऱ्याची, सगळ्या हाताला ओळखतात.

मग हे नंबर आले. बँकेचा वेगळा, गॅसचा वेगळा, मोबाईल उघडायचा वेगळा. लोक विसरायला लागले. कागदावर लिहिला तर कोणी वाचेल. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, वनमालाबाईंना सांगून ठेवू. त्यांना लिहिता येत नाही म्हणजे कुठे लिहून ठेवायच्या नाहीत, बँक म्हणजे काय ते धड माहीत नाही म्हणजे वापरायच्या नाहीत, आणि लग्नातल्या ओव्या साठ वर्षं डोक्यात आहेत म्हणजे विसरायच्या नाहीत. अडाणी असण्याचा एवढा मान मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

चंद्रप्रकाश आधी चिडला. "आये, हे नियमाच्या बाहेर आहे!" मग एका मे महिन्यात गावाहून आला आणि स्वतःचाच पासवर्ड विसरला. ऑफिसात सगळ्यांसमोर हसं झालं. त्या दिवसापासून तोही यायला लागला. बायकोला का सांगत नाहीस विचारलं, तर म्हणाला, "ती माझ्या लॅपटॉपवर सिरियली बघेल." चेतना स्वयंपाकघरातून म्हणाली, "ऐकू येतंय हां मला."

दर तीन महिन्यांनी ऑफिस बदलायला लावायचं. तो मासा ठेवायचा. त्या आठवड्यात जो मासा घरात शिजला तो, आणि त्याच्या किती तुकड्या झाल्या ते. शेवटी एक खूण, ती नेहमीची. माझ्या कानाशी येऊन सांगायचा, "आये, पापलेट सहा." मी म्हणायची, "काटे काढून ठेवते."

माशांची नावं तो इंग्रजीत कशी टाइप करतो ते रुचिराला माहीत आहे, बाजारात गेला की तिला मेसेज टाकून विचारायचा. म्हणजे फक्त मासा कोणता आणि तुकड्या किती, एवढंच हवं आहे.

आज चेतना चहा देऊन समोर उभी राहिली. सून माझी बोलकी, नुसती उभी राहिली की भीती वाटते. मी म्हटलं, "सुरमई सात, बघा."

नाही उघडला. पाच उरल्या.

पण तेवढ्यापुरतं दोघींचे चेहरे माणसासारखे झाले होते.

रविवार, ९ फेब्रुवारी

मधले तीन दिवस काही झालं नाही. झालं असेल तर मला दिसलं नाही.

आज मुडदुशे अकरा सांगितले. नाही. चार उरल्या.

एक गंमत लक्षात आली आहे. मासा सांगितला की घर दीड-दोन दिवस चालतं. चेतना डाळीला फोडणी घालते, रुचिरा केस विंचरते. "जवळ आलीस आजी, येतंय तुला," म्हणते. मग पुन्हा सगळं बसतं.

माझा फोन वाजत नाही. बटणांचा होता तोपर्यंत बरा होता, हा काचेचा चंद्रप्रकाशनेच दिला. हिरवं दिसलं की बोट सरकवायचं, एवढं येतं. जानेवारीत एका संध्याकाळी त्याने तो माझ्या हातातून घेतला, तासभर घेऊन बसला, परत दिला, तेव्हापासून मुका. रुचिराने आज बघितला. म्हणाली, "आजी, बाबांनी अनोळखी नंबर बंद करून ठेवलेत. आपलं माणूस असेल तरच वाजेल."

मी म्हटलं, मग बरोबर आहे. आपलं माणूस उरलंय किती.

तिने विचारलं, "पण अचानक का केलं?" मी म्हटलं, पुढचं लिही. पुढचं काही नाही म्हणाली. मग वही बंद कर.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळी कर्ली चार. दुपारी सौंदाळे नऊ. एका दिवसात दोन घालवल्या म्हणून रुचिरा माझ्यावर ओरडली. "आजी, खात्री असल्याशिवाय सांगू नको ना यार!" आजीला यार म्हणते. मी म्हटलं, तुझे आजोबा मिलमध्ये साच्यावर होते, त्यांनी पण मला कधी यार म्हटलं नाही. तिला हसू आलं नाही. मला तरी कुठे आलं.

दोन उरल्या.

खाली भाजीवाल्याकडे गेले होते. तो अजून मला "तिजोरीवाल्या आजी" म्हणतो. रुचिराने दिवाळीत माझा व्हिडिओ काढला होता ना, त्यापासून. मी दाराशी बसलेय, मागे चाव्या लटकतायत, आणि रुचिरा विचारते, आजी, सगळ्यांचे पासवर्ड तुझ्याकडे, सांगणार का? मी ठसक्यात म्हणते, "गावच्या रवळनाथाची शपथ, मान गेली तरी नाही." गावाचं नावसुद्धा घेतलंय. मागे चंद्रप्रकाश गळ्यात ऑफिसचा पट्टा घालून पोहे खातोय. चंद्रप्रकाश म्हणाला होता, काढून टाक तो. ही म्हणाली, "बाबा, चाळीस हजार लोकांनी पाहिलाय, आता काय काढू?" त्याला पोरीचं मन मोडवत नाही. राहिला.

व्हिडिओत तो जिवंत आहे. पण पोह्याने तोंड भरलेलं, त्यामुळे आवाज नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी मी बांगडे पाच म्हटलं. रुचिरा म्हणाली, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. नाही उघडला.

एक उरली.

चेतना म्हणाली, "आई, राहू दे आता. तुमचं वय झालंय, आम्ही तरी किती छळायचं तुम्हाला." आणि माझ्या डोक्याला तेल लावायला बसली. छान लावते. मी डोळे मिटून बसले. तेल लावणारा हात चांगला असला की बोचतो.

दुपारी मी रुचिराला हे सांगत होते तेवढ्यात भीमराजभाऊ आले. समोरच्या विंगमधले, बुलढाण्याचे, बेस्टमधून रिटायर झालेले. चाळीत होतो तेव्हापासूनचे शेजारी. पेन्शनच्या कसल्या नंबरसाठी अडले होते.

"वहिनी, माफ करा, दुःखाच्या घरात कामाचं घेऊन आलो. माझा तो नंबर..."

मी म्हटलं, "चार आठ शून्य सात, दोन दोन. आणि तुमच्या मुलीचा हवा असेल तर नऊ एक एक तीन, शेवटी तिच्या घरच्या कुत्र्याचं नाव. गॅसचा तुम्ही मागच्या गुढीपाडव्याला बदललात तो..."

"बस बस," भीमराजभाऊ हसले. "वहिनी, तुम्ही म्हणजे ना. कॉम्प्युटर झक मारतो."

ते गेले.

रुचिरा लिहायची थांबली आहे. माझ्याकडे बघते आहे. मी म्हटलं, काय झालं, लिही की. तिने

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पाच दिवस ती वही घेऊन बसली नाही. जेवायला वाढायची, पाणी द्यायची, सगळं करायची, फक्त आजी म्हणायची नाही. आज मीच हाक मारली. रुचिरा, वही आण. म्हणाली, कशाला? मी म्हटलं, पासवर्ड सांगते. बसली. पेन उघडून बसली आहे.

आता लिही, आणि थांबू नकोस. मी परत बोलणार नाही.

मी काहीही विसरलेले नाही. मला तो पासवर्ड माहीतच नाही. त्याने मला सांगितला नाही. आधीचा सांगितला होता, नवा नाही.

आधीचा होता हलवा आठ. तो मी दिला.

सहा जानेवारीला, सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला. चेतना बँकेत गेली होती, तू कॉलेजला. पुरुषमाणूस, गोड आवाज, मालवणीत बोलला. "आये, मी साह्यबांच्या हापिसातसून बोलतंय. साह्येब मिटिंगीत आसत, फोन घेऊक गावणा नाय. लॅपटॉप बंद पडलो हा. म्हणाले, माझ्या आयेक इचार, ती आमची तिजोरी."

मी काय एवढी खुळी नाही. मी तपासला त्याला. विचारलं, "तुझो गाव खंयचो?" त्याने आमच्या गावाच्या पलीकडच्या वाडीचं नाव घेतलं. विचारलं, "देव कोण तुमचो?" म्हणाला, "रवळनाथ. आये, त्याचीच शपथ घालून सांगतंय." चंद्रप्रकाश ऑफिसात गळ्यात कसल्या रंगाचा पट्टा घालतो तेसुद्धा त्याने न विचारता सांगितलं. आता याच्यापेक्षा माणसाला अजून काय तपासतात? लग्न ठरवताना आम्ही एवढंच विचारायचो. आपली भाषा, आपला गाव, आपला देव. खोटं बोलायला जागा कुठे राहिली?

मी म्हटलं, हलवा आठ, आणि नेहमीची खूण. आणि वर म्हटलं, बाबा, जेवून घे वेळेवर.

रुचिरा, पेन का थांबलं? लिही ना. रडतेस कशाला मेल्ये, चूक माझी आहे, तुझी नाही. व्हिडिओ? व्हिडिओचं काय मध्येच? तो दिवाळीतला. हा जानेवारीतला. नाक पूस आणि लिही.

संध्याकाळी चंद्रप्रकाश आला. बूट काढले नाहीत. विचारलं, "आये, आज कोणाचा फोन इल्लो?" मी अभिमानाने सांगितलं. तुझं काम अडलं होतं, मी सोडवलं. तो स्टुलावर बसला. ओरडला असता तर बरं होतं. हळूच म्हणाला, "आये, तो चोर होतो, माझ्या नावान हापिसात शिरलो. ह्यां कोणाक सांगू नको. कोणाकच नाय." मग फोन मागितला आणि घेऊन बसला.

त्यानंतर अकरा दिवस माझ्याशी बोलला नाही. समोर बसून जेवायचा. पण कानाशी यायचा नाही. नवा पासवर्ड त्याच दिवशी ठेवला असणार, ठेवावाच लागला असणार. माझ्यापर्यंत आला नाही. बाराव्या दिवशी तो जिन्यावर बसला.

तुम्ही दोघी विचारायला लागलात तेव्हा मला म्हणता आलं नाही की माझ्या मुलाने मला सांगायचं बंद केलं होतं. विसरले म्हणणं सोपं होतं. म्हातारी विसरली तर कोणी हसत नाही. मग तुम्ही आशेने बघायला लागलात आणि मी एकेक मासा टाकत गेले. पाच खेपा मी खाल्ल्या. मला माहीत होतं त्या चुकीच्या आहेत.

आता आईला बोलाव आणि वाचून दाखव. मी बाहेर जाऊन बसते.

(शेवटचं वाक्य लिहिल्यावर मी वाचून दाखवलं. आजी बाहेर बसली नाही, दारातच उभी राहिली. – रु.)

गुरुवार, २० फेब्रुवारी

चेतनाने ऐकलं तेव्हा ती गवार निवडत होती. निवडत राहिली. मी म्हटलं, बोल काहीतरी. हवं तर घराबाहेर काढ. ती म्हणाली, "आई, मला ते अकरा दिवस वाटत होतं की ते माझ्यावर रागावलेत. मी तर त्यांना विचारलंपण नाही, मीपण अबोला धरला." मग उठून गवार शिजवायला टाकली. तिच्याशी पण बोलला नव्हता, हे मला माहीत नव्हतं. घर एवढं लहान, आणि तीन बायकांना तीन वेगळी घरं.

उरलेली एक खेप कोणी वापरत नाही. लॅपटॉप टेबलावर आहे. चेतना रोज पुसते.

रुचिराने तो व्हिडिओ काढून टाकला. का, विचारलं, तर म्हणाली, जुना झाला. रात्रभर जागी असते असं डोळ्यांवरून दिसतं. मी तिला मघाशी म्हटलं, तुझे बाबा म्हणाले होते, कोणाला सांगू नको. मी नाही ऐकलं. तू ऐक. तिने विचारलं, काय ऐकू? मी म्हटलं, काही नाही, केस बांध.

चाव्या मी खिळ्यावरून उतरवून ज्याच्या त्याला देऊन टाकायला निघाले होते. तीन घरं फिरले. भीमराजभाऊ म्हणाले, "वहिनी, चावी राहू द्या तुमच्याकडे, नाहीतर मी कोणाच्या दाराशी दोन मिनिटं उभा राहू?" बाकीच्या दोघांनी घेतल्या.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ऑफिसचा माणूस साडेदहाला आला. देवव्रत नाव, तिशीचा असेल, चंद्रप्रकाशच्या हाताखाली शिकलेला. बूट बाहेर काढले, फोटोला नमस्कार केला, पाणी घेतलं. पिशवी मांडीवर ठेवून बसला. त्याच्या तोंडातून आज लॅपटॉप हा शब्द निघत नव्हता.

मी म्हटलं, "तुमच्या ऑफिसात जो घोळ झाला, तो पासवर्ड माझ्या मुलाने दिला नाही. मी दिला, फोनवर."

त्याने खाली बघितलं. "आजी, सरांनी लिहून दिलंय. माझ्याकडून गेला, माझा निष्काळजीपणा, असं. त्यांना ताकीद मिळाली, फाईल बंद झाली."

"कधी लिहून दिलं?"

"दुसऱ्याच दिवशी. सात तारखेला."

"त्यात माझं नाव?"

"नाही. आम्ही खूप विचारलं. चौकशीत सारखं तेच विचारायचे, घरात अजून कोणाला माहीत होता का? सर म्हणायचे, कोणालाच नाही."

चेतना दाराला टेकून उभी होती. कुकरची शिट्टी झाली, ती कोणी मोजली नाही.

मी म्हटलं, "मग आता माझं लिहून घे."

"आजी, त्याची गरज नाही. बंद झालीय फाईल."

"तुमची झाली असेल."

रुचिराने कागद घेतला. मी सांगितलं ते तिने लिहिलं. मी वनमाला सीताराम घाडी, सहा जानेवारीला फोनवरून माझ्या मुलाचा पासवर्ड एका अनोळखी माणसाला सांगितला. माझा मुलगा चंद्रप्रकाश याचा त्यात दोष नाही. तो माझ्या एकटीच्या तोंडातून गेला.

रुचिरा म्हणाली, "आजी, एकटीच्या नको लिहायला."

"लिही, एकटीच्या."

"पण आजी..."

"पेन तुझं, बोलणं माझं."

तिने लिहिलं. अक्षर वाकडं आलं असणार. मला वाचता येत नाही ते एका अर्थी बरं. स्टॅम्पचं पॅड घरात नव्हतं, चेतनाने कुंकू पाण्यात कालवून दिलं. मी अंगठा लावला. देवव्रतने कागद घडी करून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला. तो फाईलमध्ये जाईल का वाटेत कुठे पडेल, मला ठाऊक नाही. त्याने दोन्ही हातांनी घेतला, एवढं पाहिलं.

मग तो चेतनाला म्हणाला, "वहिनी, मी पाच मिनिटं गॅलरीत उभा राहतो. फोन करायचाय." फोन काही त्याने खिशातून काढला नाही.

रुचिराने आईकडे बघितलं. चेतना टेबलाशी गेली. पदर खोचला, लॅपटॉप उघडला, आणि एकेका बोटाने काहीतरी टाकलं. सावकाश टाकलं. शेवटचं बटण दाबायच्या आधी थांबली. मग दाबलं.

आम्ही तिघी बघत होतो. मला अक्षरं कळत नाहीत, पण रुचिराचा खांदा खाली गेला त्यावरून कळलं. निळा पडदा आला, त्यावर लांबलचक काहीतरी लिहून आलं. झालं. बसला.

चेतनाने झाकण मिटलं. पदराने वरून एकदा पुसलं.

मी विचारलं, "काय टाकलं होतंस?"

ती म्हणाली, "वनमाला."

देवव्रत आत आला. त्याने ऐकलं होतं.

मी म्हटलं, "अगं, तो एवढा खुळा नव्हता. आईचं नाव ठेवायचं नाही, हे तोच लोकांना शिकवायचा ना?"

देवव्रत म्हणाला, "हो आजी. पहिल्याच तासाला."

चेतना हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवून हसली, आणि ते हसणं मध्येच दुसरं काहीतरी झालं, आणि ती तशीच जमिनीवर बसली. रुचिरा तिच्या बाजूला जाऊन बसली. मी देवव्रतला दारापर्यंत पोचवलं. लिफ्ट बंद होती. त्याने पिशवी खांद्याला लावली नाही, छातीशी धरून जिना उतरला. पाच मजले. मी कठड्याशी उभी राहून त्याची पावलं खालपर्यंत ऐकली.